अगदी लख्ख

"दिसतंय का रे दादा?"

"अगदी लख्ख!" वरून आवाज आला. "दोन्हीवर. शाबास बारके, मानलं तुला."

बारकी टेबलाखाली गुडघ्यांवर बसली होती आणि वायरी बांधायची पट्टी तिने दातांत धरली होती. पन्नाशी उलटलेल्या बाईला आता बारकी म्हणणारा जगात एकच माणूस उरला होता, तो म्हणजे हा थोरला भाऊ, आणि त्याचं काहीही तिला चालायचं. तिचा धंदाच टेबलाखालचा. लोकांच्या घरी, कचेऱ्यांत जायचं, कॉम्प्युटर जोडायचे, पडदे बसवायचे आणि मागच्या वायरींचं जंजाळ नीट बांधून द्यायचं. अठ्ठावीस वर्षं तिने हेच केलं होतं. आपण गिऱ्हाइकांना तोंडापेक्षा मोज्यांवरून जास्त ओळखतो, असं ती स्वतःच सांगायची आणि स्वतःच हसायची.

आज काम घरचंच होतं. दादाच्या कंपनीने त्याला बत्तीस इंची दोन मोठे मॉनिटर पाठवले होते. खोकी इतकी मोठी की दारातून आडवी करून आत घ्यावी लागली. दोन तास खपून तिने दोन्ही पडदे टेबलाला आवळलेल्या लोखंडी दांड्यांवर बसवले, लॅपटॉपचं झाकण मिटून तो बाजूच्या फळीवर उभा ठेवला आणि साबणाच्या वडीएवढी एक डबी टेबलाच्या मागच्या कडेला चिकटवली. डॉक म्हणतात तिला. दोन्ही मॉनिटरच्या वायरी या डबीत यायच्या आणि डबीतून एकच वायर लॅपटॉपला जायची. ती एक जोडली की झालं.

तिने शेवटची पट्टी आवळली, टेबलाची कड धरून "आई गं" म्हणत उठली, कपडे झटकले आणि कौतुकाने वर पाहिलं.

दोन्ही पडदे काळेठिक्कर होते.

तिने दादाकडे पाहिलं. तो खुर्चीत मागे रेलून, हनुवटी जरा वर करून, डावीकडच्या काळ्या काचेकडे समाधानाने बघत होता.

हा चेष्टा करतोय, असंच तिला आधी वाटलं. दादाला खोड होतीच ती. ती शाळेत असताना रिकामं पाकीट चिकटवून हातात द्यायचा आणि "तुझा निकाल आलाय" म्हणायचा.

"पुरे झाली थट्टा," ती हसत म्हणाली.

"कसली थट्टा?"

"बरं, सांग पाहू, डावीकडे काय दिसतंय?"

"पत्रक. खोकल्याच्या औषधाचं. सकाळी तेच उघडं होतं."

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे त्याच्याच पुढचं पान. हे बेस केलंस हं तू. आता मान खाली घालायला नको."

त्याच्या आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता. बारकीचं हसू तोंडावरच थिजलं. त्याच्या पाठीमागे खिडकी होती, आणि नव्या कोऱ्या गुळगुळीत काचेवर त्या खिडकीचा पांढरा चौकोन पडला होता. दादा त्या चौकोनाकडे बघत होता.

तिची नजर डबीकडे गेली आणि चूक तिला तिथेच कळली. लॅपटॉपची वायर तिने चुकीची लावली होती. हल्ली दोन वायरी दिसायला अगदी सारख्या असतात, टोकं सारखी, जाडी सारखी. एकीतून चार्जिंग जातं आणि चित्रही जातं, दुसरीतून नुसतं चार्जिंग. तिने पिशवीतून दुसरी काढली होती. लॅपटॉपचा चार्जिंगचा दिवा लागला, तेवढ्यावरून तिने धरून चाललं की झालं. परक्याच्या घरी असं झालं असतं तर तो "अहो, काहीच दिसत नाहीये" म्हणून ओरडला असता आणि तिने जीभ चावून वायर बदलली असती. "अगदी लख्ख" म्हणणारा माणूस तिला अठ्ठावीस वर्षांत भेटला नव्हता.

आणि भेटला तो कोण, तर दादा!

दादाचं सगळं आयुष्य डोळ्यांवर गेलं होतं. औषधाच्या खोक्यात बारीक घडी घातलेला एक कागद असतो. मुंगीएवढ्या अक्षरांत मात्रा, साठवण, कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये, असं सगळं त्यावर लिहिलेलं असतं. आपण तो उलगडतोसुद्धा नाही. दादा तो वाचायचा. छापायच्या आधी शेवटचा वाचणारा तोच. चौतीस वर्षांपूर्वी छापखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागला, आणि दोन-तीन वर्षांत तिथे त्याला सगळे 'घार' म्हणायला लागले. मालकसुद्धा. पुढे कचेरी लांब गेली, तसं घरून काम करायची मुभा मिळाली, पण शेवटची 'मंजूर'ची मोहोर त्याचीच राहिली. त्याने एकदा मंजूर म्हटलं की मग कुणी बघत नसे.

बारकीने पिशवीतून बरोबर वायर शोधली, जुनी उपसली, नवी खोचली आणि एक कळ दाबली. दोन्ही पडदे भसकन उजळले. तिचेच डोळे दिपले.

दादा थोडा मागे सरकला. "हात कशाला लावलास? उजेड वाढला वाटतं. चांगलं होतं की मघाशी."

तिने माऊस घेतला आणि पान मोठं करत नेलं. दुप्पट, चौपट, दसपट. शेवटी डाव्या पडद्यावर जेमतेम एकच शब्द मावला. 'यकृत.' एकेक अक्षर तिच्या पंज्याएवढं.

"दादा, एवढं वाच ना."

"परीक्षा घेतेस होय माझी?"

"वाच ना रे."

त्याने मान वाकडी केली. कोंबडी दाण्याकडे बघताना करते तशी, एका बाजूने. मग दुसऱ्या बाजूला वळवली.

"'मात्रा'," तो म्हणाला. "मात्रा लिहिलंय."

बारकी बाजूचं स्टूल ओढून बसली. बोलू की नको, असं तिला झालं, पण तिच्याच्याने गप्प बसवेना.

"दादा, मघाशी दोन्ही पडदे बंद होते."

"म्हणजे?"

"माझी वायर चुकली होती. काहीच लागलं नव्हतं. दोन्ही काळे होते रे. आणि तू म्हणालास, लख्ख दिसतंय."

त्याने दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली. तिला वाटलं होतं, चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा करेल. तसं काही झालं नाही. तिच्यापेक्षा जबर धक्का त्यालाच बसला होता.

"बंद होते?" त्याने पुन्हा विचारलं. "पण मला पांढरं दिसत होतं. मला खरंच वाटलं गं, पान दिसतंय."

"खिडकी होती ती. काचेत पडलेली."

"खिडकी," तो म्हणाला. "इतकं गेलंय हे मलाही माहीत नव्हतं."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. दीड वर्ष झालं होतं. कडेचं दिसायचं, मधलं दिसायचं नाही. चालता यायचं, चहा ओतता यायचा, जिना चढता यायचा, फक्त जिथे नेमकं बघायला जावं तिथे भोक. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्याचा आतला पडदा मधोमध झिजलाय आणि यावर इलाज नाही. हे फक्त वहिनीला माहीत होतं.

"म्हणजे तू माझ्याकडे बघतोस तेव्हा?"

"तुझे कान दिसतात," दादा म्हणाला. "केस दिसतात. तोंड नाही दिसत."

"दीड वर्ष?"

"दीड वर्ष."

मागच्या महिन्यात तिने फोनवर त्याच्या नातवाचा फोटो त्याच्यासमोर धरला होता आणि हा म्हणाला होता, कपाळ माझ्यावर गेलंय. तिने ते जाऊन चार ठिकाणी सांगितलं होतं.

"मग काम कसं करत होतास?" ती जवळजवळ ओरडलीच. "औषधांचे कागद आहेत ते दादा!"

"ओरडू नकोस. तुझी वहिनी वाचायची. जुन्या छापखान्यात तसंच करायचे. एकाने मूळ प्रत मोठ्यांदा वाचायची, अक्षरन्‌अक्षर, चिन्हांसकट, आणि दुसऱ्याने छापलेलं बघायचं. आम्ही ते उलटं केलं, मूळ प्रत मी आधी ऐकून पाठ करायचो. ती छापलेलं वाचायची, मी डोक्यातल्या प्रतीशी ताडून बघायचो. एक चूक निसटली नाही बघ दीड वर्षात. कानाने पकडायचो मी."

बारकीचा जीव जरा भांड्यात पडला. आणि पडतोय न पडतोय तोच तिला आठवलं की वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेल्याला सव्वादोन महिने झाले होते.

"आणि वहिनी गेल्यापासून?"

दादाने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. त्या चष्म्याचा आता काडीचा उपयोग नव्हता.

"अकरा पत्रकं आली. दहा मी अडवून धरलीत. मॉनिटर लहान पडतो, अक्षर बारीक आहे, असं कळवत राहिलो. म्हणून तर त्यांनी हे पाठवले." त्याने पडद्यांकडे हात केला. "हसू नकोस, पण मला वाटलं होतं, एवढ्या मोठ्यावर दिसेल. रोज वाटायचं. खोकी आली तेव्हा मी कुरवाळून बघितली."

बारकी हसायच्या मनःस्थितीत कुठली! "आणि अकरावं?"

"अकरावं परवा मंजूर केलं."

"न बघता?"

"कचेरीतल्या मॅडमचा फोन आला, घाईचं आहे म्हणाल्या. जुनंच पत्रक, फक्त कारखान्याचा पत्ता बदललाय. ते मला तोंडपाठ आहे गं, पाच वेळा माझ्या हातून गेलंय. पत्ता तेवढा त्यांच्याकडून फोनवर वाचून घेतला आणि मंजूर म्हणून सांगितलं."

"कशाचं औषध?"

"तान्ह्या मुलांना झटके येतात ना, त्याचं."

बारकीने माऊस पुढे ओढला. मग तीच म्हणाली, "उघडू?"

"उघड. आणि जुनं पण काढ, त्याच्याच खाली आहे. जुनं डावीकडे लाव, नवं उजवीकडे. सगळं वाच. टिंब, स्वल्पविराम, कंस, काही म्हणजे काही सोडू नकोस. नवंच वाच, अडलं तर जुन्याकडे बघ."

एवढे मोठे दोन पडदे कशासाठी असतात ते बारकीला त्या सकाळी कळलं. दोन पत्रकं शेजारी शेजारी, सख्ख्या जुळ्यांसारखी. तिने घसा खाकरला आणि वाचायला लागली. नाव वाचलं, घटक वाचले, सूचना वाचल्या. दादा डोळे मिटून मान हलवत होता. एकदा म्हणाला, "तिथे स्वल्पविराम आहे, तू गिळलास," आणि खरंच होता. त्याही स्थितीत तिला त्याचं नवल वाटलं.

"मात्रा," ती वाचत होती. "वजन पाच किलोपर्यंत, दोन टिंबं, शून्य पाच मिलिलिटर, दिवसातून दोन..."

"पुन्हा."

"शून्य पाच मिलिलिटर."

"शून्य टिंब पाच," दादा म्हणाला. "अर्धा मिलिलिटर. टिंब वाच."

"टिंब नाहीये."

"असणार. बारीक असतं. मोठं कर."

तिने मोठं केलं. अजून मोठं केलं. शून्य जेवणाच्या ताटाएवढं झालं, पाच त्याला खेटून उभं, आणि मधे नुसतं पांढरं. तिने काच बाहीने पुसून पाहिली. मग डावीकडे पाहिलं. जुन्या पत्रकात शून्य आणि पाचाच्या मधोमध टिंब होतं, वाटाण्याएवढं, कुणालाही दिसेल असं.

"जुन्यात आहे," ती म्हणाली. "नव्यात नाही रे दादा."

अर्ध्याचं पाच. दसपट. आणि घेणारं लेकरू पाच किलोचंही नाही. दादा उभा राहिला, पुन्हा बसला. "त्यांनी अक्षराचा टाईप बदलला असणार," तो पुटपुटला. "टाईप बदलला की टिंबं गळतात. पहिल्याच वर्षी शिकवतात हे. पहिल्याच वर्षी!" त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, आणि बारकीने दुसरा हात धरला नसता तर आणखी मारला असता.

"दादा, ऐक. मी फोन करते," ती भराभर बोलायला लागली. "मी सांगते की नवे मॉनिटर बसवताना माझ्याकडून घोळ झाला. चुकीची फाईल गेली. वायरींचं, जोडणीचं काही तरी सांगते, त्यांना काय कळतंय त्यातलं? छपाई थांबेल. तुझ्यावर काही येणार नाही. वहिनी पुढच्या महिन्यात येईलच, मग तुम्ही पुन्हा..."

"मानतील ते?" दादाने विचारलं.

होय, मोह त्यालाही झाला. चौतीस वर्षं होती ती, आणि त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

"डोळे झाकून मानतील," बारकी म्हणाली आणि बोलल्यावर तिला कसंसंच झालं.

दादाने टेबल चाचपून फोन घेतला. कुठलं बटण कुठे ते त्याच्या बोटाला पाठ होतं. "बारके, बोलतो मीच," तो म्हणाला. त्याने फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावला.

"मॅडम, परवाचं झटक्यांचं पत्रक थांबवा. मात्रेत टिंब गेलंय. शून्य टिंब पाचचं शून्य पाच झालंय."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "अरे देवा! सर, चाळीस हजार छापून झालीत. घड्या घालायला घेतल्यात."

"कारखान्याकडे गेली का?"

"थांबा, बघते."

फोन तसाच ठेवून त्या धावल्या, पावलं ऐकू आली. बारकीने दादाचा हात सोडला नव्हता. लांबून कुणाला तरी हाका मारल्याचा आवाज आला. मग पुन्हा पावलं.

"सर! घड्या झालेली गाडीत भरत होते. उतरवायला सांगितलं. एकही बाहेर गेलं नाही." त्यांना धाप लागली होती. "वाचलो. तुम्ही पकडलंत म्हणून वाचलो. पण सर, हे तुमच्या नजरेतून सुटणं शक्यच नाही. परवा तुम्हाला आमच्याकडून दुसरीच फाईल आली होती का? मेलचा काही घोळ झाला असेल, नाही?"

सोन्यासारखी सबब आयती चालून आली होती. बारकीने जोरजोरात मान हलवली, हो म्हण, हो म्हण. मग तिच्या लक्षात आलं की त्याला ते दिसणार नाही.

"नाही मॅडम," दादा म्हणाला. "फाईल बरोबर होती. मी न बघता मंजूर केली. मला दिसत नाही."

"म्हणजे? डोळे आलेत का?"

"नाही. दीड वर्षापासून वाचता येत नाही. बायको वाचून दाखवायची. ती इथे नाही. बाकीची दहा पत्रकं माझ्याकडे पडून आहेत, त्यांतलं एकही पाहिलेलं नाही. ती आजच दुसऱ्या कुणाला तरी द्या."

पलीकडची बाई त्याच्याच हाताखाली शिकून वर गेलेली होती.

"सर, आधी का नाही सांगितलंत?" तिने विचारलं.

"नाही सांगितलं," दादा म्हणाला. "चुकलं माझं."

"मला हे वर कळवावं लागेल, सर. आजपासून तुमच्याकडे काही पाठवता येणार नाही. आणि... मॉनिटर न्यायला माणूस येईल. घाई नाही, पुढच्या आठवड्यात वगैरे."

"पाठवा. बांधून ठेवतो."

फोन बंद झाला. बारकीला रडू आवरेना. तिने बाहीने डोळे पुसले, पुन्हा पुसले आणि काही तरी करायला हवं म्हणून टेबलामागे वाकून पट्ट्या सोडवायला लागली. मघाशी आवळलेल्या पट्ट्या, काही केल्या सुटत नव्हत्या.

"काय करतेस?"

"वायरी काढते."

"राहू दे. बस इथे. आपण कुठवर आलो होतो?"

"कशात?"

"पत्रकात. मात्रेपर्यंतच आलो. निम्मं राहिलंय."

"अरे, ते आता तुझं काम नाही दादा."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "पण एक चूक सापडली की माणूस तिथेच थांबतो, आणि दुसरी तिच्या मागेच बसलेली असते. टाईप बदललाय. आणखी टिंबं गळली असतील. त्यांना कळवायचं तर पुरतं कळवू. वाच."

ती स्टुलावर बसली. अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती, तरी तिने वाचायला सुरुवात केली आणि भरभर पुढे पळाली.

"हळू," दादा म्हणाला. "चिन्हांसकट."

"साठवण, दोन टिंबं," बारकी वाचू लागली. "बाटली थंड, स्वल्पविराम, कोरड्या जागी ठेवावी, पूर्णविराम. लहान मुलांचा हात पोचणार नाही, स्वल्पविराम, अशा ठिकाणी ठेवावी, पूर्णविराम."

दादाने पडद्यांवरून तोंड फिरवलं होतं. डोळे मिटून, कान तिच्याकडे करून तो बसला होता, आणि एकेका चिन्हाला त्याचं बोट टेबलावर टेकत होतं.

"पुढे," तो म्हणाला.